दाणे कुटायचे नाहीत

...हां, तर काल आपण खलबत्त्यापाशी थांबलो होतो. लेकीने पाठवलेले ते पांढरे दाणे घमेलेरावाने खलबत्त्यात घातले आणि अगदी जीव ओतून कुटले. पीठ केलं पीठ!

घमेलेराव म्हणजे आमचा शेजारी, एका गाईचा दूधवाला. सदा डोक्यावर पेंडीचं घमेलं, म्हणून हे नाव. बायको गेली, आणि एकुलती लेक शिकून गुरांच्या आहाराची तज्ज्ञ झाली ती दूरच गेली. चार वर्षांत घरी आली नव्हती. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, दुधाचं प्रोटीन किती?" बापाची तब्येत दुसऱ्या नंबरावर!

गाय दूध भरपूर द्यायची, पण डेअरीच्या चिठ्ठीवर प्रोटीन तीन टक्क्यांच्या वर जाईना. लेक म्हणाली, "पेंड कमी नाही, बाबा. मेथिओनिन नावाचा एकच घटक कमी पडतोय. बाकी सगळ्या विटा आहेत, कोपऱ्याची तेवढी नाही, म्हणून भिंत अडलीय. मी त्याचे दाणे पाठवते. महिन्यात फरक पडला नाही तर स्वतः येऊन बघते."

हे शेवटचं वाक्य घमेलेरावाने मला दिवसातून तीनदा ऐकवलं. तिची खोली झाडून काढली, पलंगाचा डुगडुगणारा पाय ठोकून घेतला.

महिना संपत आला, आकडा जागचा हलला नाही. मग फोनवर उलटतपासणी झाली.

"दाणे कसे घालता, बाबा?"

"कुटून. लहानपणी तुला गोळ्या द्यायचो, तसे."

"अहो, कुटायचे नाहीत! वरचं आवरण फुटलं की गाईच्या चार पोटांपैकी पहिल्यातले जंतूच सगळं फस्त करतात. गाईच्या वाट्याला काय उरणार?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "लेका, अजून महिनाभर कूट की! पोरगी येईल."

"आणि मुक्या जनावराच्या तोंडचं काढू?" असं म्हणून त्याने खलबत्ता फळीवर उचलून ठेवला.

तीन आठवड्यांनी चिठ्ठी आली, तीन पॉइंट तीन. त्याने फोन लावला, आकडा सांगितला. लेक केवढी खूश! हसत म्हणाली, "मग आता माझं तिकडे काही काम नाही, बाबा."

घमेलेराव त्या झाडलेल्या खोलीकडे वळला. मग म्हणाला,

"काम नाही म्हणूनच ये, बाई. कामाला आलीस तर गोठ्यातच बसशील."