"न्हाई नांदायची म्या!" वर हसणाऱ्यांनो

आज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर ते मीम आलं. तुम्हीही पाहिलं असेल. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई ओरडते, "न्हाई नांदायची म्या!" वर लिहिलंय, 'सोमवारी ऑफिसला जाताना मी.' खाली सगळे खिदळतायत.

ती बाई माझी सख्खी आत्या आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या गावी, खर्ड्याला, टीव्हीवाले आले होते. नवऱ्यानं मारून हात मोडला, म्हणून आत्या तेव्हा माहेरी आली होती. अख्ख्या गावासमोर त्यांच्यातल्या एकानं तिला विचारलं, "परत नांदायला जाणार का?" त्याचं उत्तर आहे ते! मीमवाल्यानं चित्र असं कापलंय, की तिचा गळ्यात बांधलेला हात दिसतच नाही.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं, तर एकजण म्हणतो, "मॅडम, चिल! कॉमेडी आहे." डोंबलाची कॉमेडी!

संध्याकाळी घरी हे सांगितलं, तर आत्यानंच मोबाईल मागून घेतला. मीम दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "म्या बोलले ते हाय गं. पर त्या टीव्हीवाल्यानं काय इचारलं हुतं, ते कुठं गेलं?"

पुढं पाठवलंत ना तुम्ही? मग द्या तिला उत्तर.