पहारेकऱ्यांना झोपवायचं नाही

ऑपरेशन थिएटरात ज्याच्यासाठी सगळं चाललेलं असतं, तोच माणूस झोपलेला असतो. त्यामुळे किस्से जमतात ते आम्हा जाग्या माणसांकडे. मी डिचोलीची. नोकरीचा बहुतेक काळ एकाच मोठ्या इस्पितळात थिएटर सिस्टर म्हणून गेला. लग्नाबिग्नाला गेले की कोणीतरी विचारतंच, "शैला, काय नवीन?" मग मी सांगायला बसते, आणि दर वेळी सुरुवात मीरा मॅडमपासून होते.

मीरा मॅडम म्हणजे आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टर. मूळच्या पेडण्याकडच्या धारगळच्या. अंगाने बारीक, आवाज हळू. सर्जनचं नाव पेशंटच्या सगळ्या गावाला पाठ असतं. भूल कोणी दिली, हे पेशंटलाही ठाऊक नसतं. मॅडमना त्याचं कधी काही वाटलं नाही.

* * *

कॅन्सरची ऑपरेशनं प्रभू सर करायचे. हात सोन्याचा, पण घाई फार. मॅडम नव्याने आल्या तेव्हाची गोष्ट. स्तनाच्या कॅन्सरची एक बाई टेबलावर होती. मॅडम तिच्या पाठीत, कण्याच्या बाजूला सुई घालून छातीची एक बाजू बधिर करत होत्या. सर हात धुऊन खोळंबले होते.

"मॅडम, गॅस सोडा की. कधीच झोपली असती."

"आज गॅस नाही, सर. झोप शिरेतल्या औषधाने, आणि दुखू नये म्हणून हा ब्लॉक."

"एवढा खटाटोप कशाला?"

मॅडम सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, "तुम्ही गाठ काढाल. काढताना एखादी पेशी रक्तात सुटली, तर तिला धरायला अंगात पहारेकरी पेशी असतात. ऑपरेशनच्या ताणाने आणि दुखण्याने त्या आधीच मंदावतात. गॅसने आणखी मंदावतात, असं दिसतं. मला बाईंना झोपवायचंय, पहारेकऱ्यांना नाही."

"सिद्ध झालंय?"

"प्रयोगशाळेत बरंच दिसतं. पण पेशंट त्यामुळे जास्त जगतो का, हे अजून कोणी ठामपणे सांगू शकत नाही."

"म्हणजे पुरावा अर्धाच."

"हो सर. म्हणून तर अर्ध्या आवाजात सांगते."

सर हसले, आणि ब्लॉक होईपर्यंत धुतलेले हात वर धरून उभे राहिले. प्रभू सरांना कोणासाठी थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

* * *

दुसरं भांडण एसीचं. सरांना थिएटर गारेगार लागायचं. मॅडमचं म्हणणं, अंग गारठलं की अंगातले पहारेकरीही गारठतात. पेशंट आत आला की मॅडम एसी कमी करायला लावत, गरम हवेचं पांघरूण घालत, सलाइनसुद्धा कोमट करून घेत.

एकदा सर वैतागले. "मॅडम, मी इथे घामाने निथळतोय."

"सर, तुमच्या अंगावर दोन थर कपडे आहेत. हिच्या अंगावर काय आहे ते बघा."

सरांनी टेबलाकडे पाहिलं आणि माझ्याकडे चाकू मागितला. पुढे मॅडम रजेवर असताना बाहेरचे एक डॉक्टर भूल द्यायला आले. पेशंट आत येताच सर मलाच म्हणाले, "सिस्टर, आधी तो एसी कमी करा. आमच्या मॅडमना कळलं तर माझं काही खरं नाही."

* * *

शिरेतून द्यायचं ते झोपेचं औषध दिसायला थेट दुधासारखं. आमच्या डिचोलीकडची एक बाई आली होती, तिच्या घरी दुधाचा धंदा. टेबलावर पडल्या पडल्या तिने ती पांढरी सिरिंज पाहिली.

"बाय, ह्यां म्हशीचां काय गायचां?"

दुसरं कोणी असतं तर हसून टाळलं असतं. मॅडमनी मनापासून उत्तर दिलं. "दूध नाय गे काकी. सोयाबीनच्या तेलातलां औषध."

"तरीच," बाई म्हणाली, "पातळ दिसता." आणि झोपली.

* * *

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडम प्रत्येक पेशंटजवळ जाऊन बसायच्या. त्या म्हणायच्या, माणूस घाबरला की त्याचे पहारेकरीही घाबरतात, तेव्हा निम्मी भूल आदल्या दिवशीच द्यावी लागते.

पेडण्याकडचा एक दशावतारी नट आला होता. नाटकात राक्षसाचं काम करायचा. अंगापिंडाने दांडगा, पण त्या दिवशी खाटेच्या कडेला अंग चोरून बसला होता. मॅडमनी विचारलं, "भय कसला दिसता?"

"मराचा भय नाय. मी तर नाटकात सदांच मरतंय."

"मगे?"

"थंय मराचां कधी, ता माका ठाऊक आसता. आणि उठाचां कधी, ताय."

मॅडमनी त्याला सगळं नीट सांगितलं. हातात सुई कुठे टोचेल, डोळे कसे जड होतील, उठल्यावर घसा कसा खवखवेल, पहिली हाक कोण मारेल. त्याने डोळे मिटून ऐकलं, नाटकाआधी आपलं काम ऐकून घ्यावं तसं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी हाक मारताच त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि खरखरत्या आवाजात विचारलं, "प्रवेश बरो झालो मगे?"

* * *

मारुती चंदगडकडचा, डिचोलीच्या एका कारखान्यात कामाला. आईच्या आतड्याचं ऑपरेशन होतं, आणि तिला जुना दमा. तो मॅडमना गाठून म्हणाला, "मी मोबाइलवर वाचलंय. गॅसनं कॅन्सर पसरतोय. आमच्या आईला गॅस द्यायचा न्हाई."

"तसं सिद्ध झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मी शिरेतूनच देणार आहे. पण गरज पडली तर गॅसही देईन."

"गरज पडू दिऊ नका म्हंजे झालं."

ऑपरेशन निम्म्यावर आलं असताना आईच्या छातीच्या नळ्या आवळल्या. हवा आत जाईना. मॉनिटर ओरडू लागला, सरांचे हात थांबले. मॅडमनी दम्याची औषधं दिली आणि त्याच वेळी गॅसची चावी फिरवली. हा गॅस आवळलेल्या नळ्या मोकळ्या करतो. एरवी त्याला लांब ठेवणाऱ्या मॅडमचा हात तिकडे जाताना क्षणभरही अडखळला नाही. हळूहळू छाती मोकळी झाली. मग कुठे आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला.

ऑपरेशन संपल्यावर मॅडम स्वतः बाहेर गेल्या. मी मागे होते.

"मारुती, तुमच्या आईला मी गॅस दिला."

त्याचा चेहरा उतरला. "आई कशी हाय?"

"जागी झालीय. चहा मागतेय. आज मिळायचा नाही."

तो भिंतीला टेकून खाली बसला. तोंड पुसून म्हणाला, "मग गॅस दिला ते सांगितलं कशाला? मला काय कळणार हुतं?"

"तुम्ही देऊ नका म्हणाला होता ना," मॅडम म्हणाल्या.

* * *

पार्से गावातल्या दोन शेजारणी, सुमनकाकी आणि लक्ष्मीकाकी. मध्ये काजूची बाग आणि दोन बाजूंना दोघींची घरं. दोघींना एकाच सुमारास स्तनाचा कॅन्सर निघाला. सर्जन तेच, भूल तीच, पाठीतली सुई तीच. वॉर्डात खाटाही शेजारी शेजारी.

काही वर्षांनी सुमनकाकी तपासणीला आली. सगळं स्वच्छ निघालं. भाजलेल्या काजूंची पिशवी घेऊन ती थिएटरच्या दारात उभी राहिली आणि तिने मॅडमचे हात धरले. "तुज्या भुलीन माजो रोग गेलो तो परत येवक नाय."

मॅडमनी तिला बाजूच्या बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, "काकी, तां माका ठाऊक नाय. लक्ष्मीकाकीकय मी तीच भूल घातललय."

सुमनकाकीची मान खाली गेली. लक्ष्मीकाकीचा रोग परतला होता. ती वरच्या वॉर्डात होती, पुन्हा ऑपरेशन ठरलं होतं. तपासणी हे निमित्त. सुमनकाकी खरी आली होती ती तिलाच भेटायला.

आम्ही तिघी वर गेलो. लक्ष्मीकाकी खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. मॅडम तिच्या शेजारी टेकल्या. त्यांनी तिचं पांघरूण सारखं केलं.

"काकी, ह्या वेळी दुसरी भूल घालूया काय, इचार करतंय."

"कित्याक?" लक्ष्मीकाकी म्हणाली. "रोग परत इलो, तो रोगाचो गुण. तुजी झोप बरी होती. तीच घाल."

सुमनकाकीने पिशवी सोडून चार काजू तिच्या हातावर ठेवले. मॅडमनी नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "त्या वेळी पाठीत सुई घातलली तेव्हा दुखलां काय गे?"

"दुखलां तर."

"मगे तेव्हा सांगूक नाय तां?"

"कसां सांगतलंय? तू माका इचारी होतंस, औंदा काजी कशे लागलेत, बोंडां किती पडतत. तुका उत्तर दिव, काय बोंब मारू?"