दोन्ही टोकं 'घे'वर

ओवी, अर्णव, तुमची आजी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कारण सापडल्याशिवाय मी काही मानत नाही. म्हणूनच ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही...

आपल्या मच्छीमार सोसायटीचं रत्नागिरीतलं ऑफिस आणि पूर्णगडचा धक्का यांच्यामध्ये निरोपांसाठी अजून एक जुनी तांब्याची लाईन आहे. दोन्ही टोकांना राउटर, त्याच्या सिरीयल पोर्टला, म्हणजे मागच्या खाचेला, मोडेम. एका मोडेमने ठेका द्यायचा — त्याला क्लॉक म्हणतात — दुसऱ्याने तो घ्यायचा. दोघंही घ्यायला बसले की लाईन मुकी. आजोबा होते तोवर क्लॉक रत्नागिरीहून तेच देत. पूर्णगडचा मोडेम मी 'घे'वर ठेवायचे.

त्या दिवशी दोन्हीकडे नवे मोडेम बसवायचे होते. रत्नागिरीत ऑफिसातली शैला, पूर्णगडला मी. मोबाईलचा टॉवर सकाळपासून बंद. धक्क्यावर माझे दीर, नाना, होडी काढायच्या तयारीत.

"वयनी, आभाळ बगा, आरसा हाय नुसता! तुमचा डबा बोलंल तवर मी मासळी घेऊन येतो."

सवयीने मी मोडेम 'घे'वर ठेवला. दिवा हिरवा झाला, म्हणजे लाईन उठली. स्क्रीनवर शैलाचा निरोप — वादळ इकडे वळलंय, होड्या काढू नका.

मी धावतच धक्क्यावर गेले. नाना कुरकुरले, पण दोर परत बांधला. दुपारी समुद्राने जे रूप दाखवलं... राहू दे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शैलाला म्हटलं, "बरं झालं, क्लॉक वेळेवर दिलंस."

"मी कुठे, काकू? तुम्हीच दिलंत ना? क्लॉक देणारं टोक मोठं. काकांच्या मागे तो मान तुमचा, म्हणून मी इकडचा 'घे'वर ठेवला."

मी उठून पाहिलं. मोडेम खरोखरच 'घे'वर होता. राउटरला विचारलं — क्लॉक येत नाही. लाईन बंद.

"पण निरोप गेला की हो!" शैला पुटपुटली.

नंतर दोन्ही टोकं मुद्दाम तशीच ठेवून किती वेळा पाहिलं. लाईन एकदाही उठली नाही. जाणकारांना विचारलं, ते म्हणाले, तुमची बघण्यात चूक झाली असेल. माझी? आणि शैलाचीही?

शेवटी रत्नागिरीचा मोडेम मीच 'दे'वर केला. लाईन लगेच उठली. नाना रोज निर्धास्त विचारतात, "वयनी, जाऊ ना?" मी हो म्हणते. पण त्या दिवशी ठेका कोणी दिला, ते मला अजून सांगता येत नाही.