काल रात्री कुठे झोपलात?

राहात्याहून जुबेदाआपांच्या मुलीचा, शबनमचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "वकीलसाहेब, अम्मी गेल्या," एवढंच ती म्हणाली, आणि दुपारच्या नमाजनंतर दफन असल्याचं तिनं सांगितलं. मी लगेच निघालो, पण रस्त्याच्या कामानं अडकलो. पोचलो तेव्हा मंडळी कब्रस्तानातून परतत होती. जुबेदाआपांना उशिरा येणाऱ्या वकिलांचा भारी राग. "तुमच्यासाठी काय जज्जसाहेब थांबणार आहेत?" असं त्या मला भर आवारात सुनवायच्या. त्या स्वतःही कुणासाठी थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. आपांबद्दल लिहायचं तर एका खटल्याबद्दल लिहावं लागतं, आणि तो खटला मी जिंकलेला आहे, म्हणून हात आखडत होता.

नगरच्या कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टायपिंगची टेबलं ओळीनं लागलेली असत. त्यातलं कडेचं टेबल आपांचं. आधी तिथं त्यांचे पती बसायचे. ते अचानक गेले, आणि चाळीस दिवस झाल्यावर आपा त्याच खुर्चीवर येऊन बसल्या. शेडमध्ये तेवढी एकच बाई, त्यामुळे मार खाऊन आलेल्या बायका वकिलाकडे जाण्याआधी त्यांच्याकडे जायच्या. आपा त्यांना पाणी द्यायच्या, ऐकून घ्यायच्या आणि अर्ज टाइप करून आमच्यासारख्या नव्या वकिलांपुढे सहीला ठेवायच्या. आम्ही न वाचता सह्या करायचो. वाचायचं काय त्यात? पोटगीच्या अर्जाचा त्यांचा नमुना ठरलेला होता, नाव-गाव तेवढं बदलायचं. त्यात एक वाक्य असायचंच : 'सामनेवाला याने अर्जदारास मारहाण करून नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर हाकलून दिले.' हे वाक्य आपा डोळे मिटून टाइप करायच्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही ते डोळे मिटूनच चालवून घ्यायचो. कारण साधं होतं. बाई अजून घरातच राहतेय असं दिसलं, की चौकीपासून कोर्टापर्यंत सगळे विचारायचे, राहतेयस ना घरात, मग तक्रार कसली? फौजदारी गुन्हा नोंदवावा तर नवरा आत जायचा आणि बाईला घराची वाट बंद व्हायची. उरली पोटगी. तिच्यासाठी बाई रस्त्यावर आलेली बरी दिसायची.

सुमन नगर तालुक्यातल्याच एका गावची. हे तिचं खरं नाव नाही. नवरा दारू न पिता, शांतपणे मारायचा. दोन मुली होत्या. माहेरी भावाचाच संसार दोन खोल्यांत, त्यामुळे ती गेली नाही. त्याच घराच्या मागच्या पडवीत तिनं वेगळी चूल मांडली होती. तिला काय हवं होतं ते तिनं आपांना सांगितलं होतं : घर सोडायचं नाही, त्यानं हात उचलायचं बंद करावं. असा अर्ज लिहायला कायद्यात जागा नव्हती. आपांनी नमुना काढला आणि हाकलून दिल्याचं वाक्य नेहमीसारखं घातलं.

मी तिच्या नवऱ्याचा वकील होतो. उलटतपासणीत मी फार काही केलं नाही. अर्जात तुम्हाला घराबाहेर काढल्याचं लिहिलंय, ते खरं आहे का, असं विचारलं. ती गोंधळून आपांच्या टेबलाच्या दिशेनं, म्हणजे खिडकीबाहेर बघायला लागली. मग मी विचारलं, "काल रात्री कुठे झोपलात?"

"घरी."

"कुणाच्या घरी?"

"आमच्याच की."

कोर्टात कुणीतरी हसलं. अर्ज नामंजूर झाला. बाई खोटं बोलते, असा निकालाचा एकूण सूर होता. सुमन संध्याकाळच्या एसटीनं त्याच घरी परत गेली, दुसरीकडे जाणार कुठे? चार दिवसांनी तिचा नवरा पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी एक खाल्लासुद्धा.

त्यानंतर आपांनी माझे कागद टाइप करणं बंद केलं. भांडल्या नाहीत, नुसतं "मशीन खराब आहे" म्हणायच्या, आणि त्याच मशीनवर दुसऱ्याचं काम खडखड चालू असायचं. मी हट्टानं रोज जायचो, त्या हट्टानं तेच उत्तर द्यायच्या. दोन महिन्यांनी एक दिवस त्याच माझ्या घरी आल्या. हातात इंग्रजी कागदांचा गठ्ठा होता. घरातल्या हिंसाचाराविरुद्ध नवा कायदा येऊ घातला होता, त्याचा मसुदा पुण्याच्या कुणा कार्यकर्तीनं त्यांना दिला होता. "माझं इंग्रजी अर्जापुरतं आहे. तुम्ही वाचा, मी ऐकते," म्हणाल्या. मला वाटलं, आधी सुमनचा विषय काढतील. काढला, पण वेगळ्याच अंगानं.

"तुम्ही तुमचं काम केलंत, वकीलसाहेब. खोटं मी लिहिलं. इतकी वर्षं जी बाई आली तिला मी कागदावर घराबाहेर काढत होते... आणि मला वाटायचं, मी मदत करतेय." नमुना त्यांनी फाडून टाकला होता. "मला माझ्या माणसानं कधी बोट लावलं नाही, म्हणून कळायला वेळ लागला," असंही त्या म्हणाल्या. मी माझ्या प्रश्नाबद्दल काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मग आम्ही तो मसुदा घेऊन हिंडलो. आपांचं म्हणणं, कायदा ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारल्याशिवाय दिल्लीला काही कळवायचं नाही. राजूरच्या बाजारात एका हॉटेलमागच्या ओट्यावर दहा-पंधरा बायका जमल्या. मी वाचत होतो आणि तिथल्या तिथे मराठी करून सांगत होतो. नवरा 'वारंवार' मारत असेल तर, असे शब्द आल्यावर हिरड्याची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं मला थांबवलं. "वारंवार म्हंजी किती येळा?" मी म्हणालो, ते कोर्ट ठरवेल. "मंग कोर्टाला पटंस्तवर मार खात बसायचं का आमी?" मी पुढचं पान उलटलं. दुसरीनं विचारलं, घराचं काय लिवलंय? घराचं काहीच लिहिलेलं नव्हतं. आपांनी तिथंच पत्र लिहायला घेतलं. एकदा मारलं तरी ते मारणंच धरावं, आणि बाईला राहत्या घरातून कुणी काढू नये, घर कुणाच्याही नावावर असो. बायकांनी सह्या केल्या, अंगठे दिले. परतीच्या बसमध्ये आपा पाकीट मांडीवर धरून बसल्या होत्या, माझ्याकडे द्यायला तयार नव्हत्या.

कायदा यायला पुढे बराच काळ गेला. आला तेव्हा त्यात 'वारंवार' नव्हतं आणि घरात राहण्याचा हक्क होता. आपा म्हणाल्या, आपलं पत्र पोचलं म्हणायचं. मी वकिली शहाणपणानं सांगितलं, अशी पत्रं देशभरातून गेली असतील. "मग त्यात आपलंही पोचलं," त्यांनी मला गप्प केलं. सुमनला त्यांनी स्वतः गावी जाऊन आणलं. नव्या अर्जाचं पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं : 'मी काल रात्री याच घरात झोपले आणि यापुढेही इथेच राहणार आहे.' माझे वरिष्ठ म्हणाले, असा अर्ज कुठे असतो का? पण चालला. त्या वेळी वकीलपत्र माझं होतं, सुमनच्या बाजूनं. आपांनीच तिला तयार केलं असणार, मी विचारलं नाही. आदेश झाला, हात लावायचा नाही आणि घराबाहेर काढायचं नाही. संरक्षण अधिकारी गावात फिरकायला वेळ लावायचे, म्हणून कितीतरी महिने आपाच रविवारी जाऊन बघून यायच्या.

दृष्टी गेल्यावर त्या राहात्याला मुलीकडे गेल्या. मी दिवाळीला आणि ईदला जायचो. गेल्या वेळी त्यांनी शेडमधल्या एकेकाची चौकशी केली आणि माझा हात चाचपून, वाळलात म्हणाल्या. मला त्यांची फार आठवण येते. कोर्टात मला धाकात ठेवणारं आता कुणी राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात शबनमनं एक पाकीट पाठवलं, अम्मींनी सुमनसाठी ठेवलेलं दिसतंय, पोचवाल का म्हणून. मी ते घेऊन गावी गेलो. इतक्या वर्षांत त्या घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता. नवरा आता खाटेवर असतो, त्याचं जेवणखाण सुमनच करते. मुली लग्न होऊन गेल्या. तिनं मला आतल्या खोलीत बसवलं, चहा टाकला. पाकिटात तो पहिला, नामंजूर झालेला अर्ज निघाला, कार्बनची प्रत. आपांनी नमुना फाडला होता, हा एक तेवढा जपून ठेवला होता. सुमन म्हणाली, वाचून दाखवा. मी हाकलून दिल्याच्या वाक्यापर्यंत आलो आणि थांबलो. मग वीस वर्षं राहून गेलेलं बोललो, की तो प्रश्न मी विचारायला नको होता.

ती स्टोव्हकडे बघत होती. रागावली नव्हती.

"तुमी इचारलं, मी खरं सांगितलं," ती म्हणाली. "कोर्टात खरं बोललं की मार थांबतो, असं वाटलं हुतं मला."

चहा झाल्यावर तिनं अर्जाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "ह्यो तुमच्याकडंच असू द्या," म्हणाली.