तोंडातली पितळेची चव

मागच्या वर्षी माझ्या तोंडात फोड यायला लागले. एक बरा होईपर्यंत दुसरा तयार. उष्णता असेल म्हणून जाईचा पाला चघळला, गुलकंद खाल्ला, गुण काही येईना. वर जेवण कळकल्यासारखं, पितळेच्या चवीचं लागायचं. घरातली सगळी भांडी पितळेची, तेव्हा आळ त्यांच्यावर घेतला. मूलबाळ नाही, पती गेल्यापासून दिघोरीच्या घरात मी एकटीच. त्याच भांड्यातलं दुसरं कोणी जेवलं असतं तर म्हणालं असतं, मला तर भाजी बरी लागते. ते म्हणणारं कोणी नव्हतं. तोंड उघडवेना म्हणून गावातल्या भजनाला जाणं सोडलं, तर विचारायलाही कोणी आलं नाही. त्याचं फार वाईट वाटलं. देवावरही रुसले.

शेवटी भांडी पोत्यात भरून कल्हईसाठी एसटीने भंडाऱ्याला गेले. ती दुकानात टाकली आणि वैनगंगेकाठच्या महादेवाच्या देवळात येऊन बसले. थकवा असा, की प्रदक्षिणाही घालवेना. "महादेवा, आता झेपत नाही," एवढंच म्हटलं आणि रडू आलं. शेजारी पस्तिशीतली एक बाई बसली होती. काही न विचारता तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. घोट घेऊन मी म्हटलं, "याही पाण्याले पितळेचीच चव."

"मावशी, बाटली त प्लास्टिकची आहे जी," ती म्हणाली. मग जवळ सरकून तिने माझं तोंड पाहिलं, पाय दाबून पाहिला. बोट रुतलं तिथे खड्डा राहिला, इतकी सूज होती. "आमच्या घरच्यायचंही असंच तोंड आलं होतं. आमी फोडायलेच औषध लावत राहिलो, अन् दुखणं होतं किडनीचं. आता त्यायचं डायलिसिस चालू आहे. तुमी आजच दाखवा."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी माझी गत झाली होती. तरी मी आढेवेढे घेतले. तिने माझी पिशवी उचलली आणि चालायला लागली. दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं, "सोबत कोण आहे?" याच प्रश्नाच्या भीतीने मी इतके दिवस दवाखाना टाळला होता.

"मी आहो," ती म्हणाली.

किडनीचंच दुखणं निघालं. बरंच नुकसान झालं होतं, पण आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं आणि पथ्य चालू आहे. डायलिसिस अजून लागलेलं नाही, पुढे लागेलही. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. नंतर देवळात पुष्कळदा शोधलं, ती दिसली नाही. तिला महादेवानेच धाडलं होतं का, यावर मी वाद घालत नाही. नवरा दवाखान्यात असताना घटकाभर विसाव्याला आलेली दमलेली बाई होती, आणि तो विसावा तिने मला देऊन टाकला.

घर अजून खायला उठतं. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा स्वतःसाठी काही मागत नाही. माझं व्हायचं ते महादेवावर सोडलं आहे. मागते ते तिच्या नवऱ्यासाठी, ज्याला मी कधी पाहिलंही नाही. तेवढा वेळ मी एकटी नसते.