पूर्वीसारखंच

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. तपासण्यांचे अहवाल डॉक्टरांना ज्या वेबसाइटवर दिसत, ती सांभाळणं तिचं काम. बसायला बिनखिडकीची खोली.

वेबसाइटची राखण करणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. जुन्याची रीत अशी, की जे पान मुद्दाम बंद केलं नाही ते सताड उघडं. नव्याची उलटी: जे मुद्दाम उघडलं नाही ते बंद. ताईला नवी रीत मनापासून पटली. पण कोणतं पान कोण वापरतं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हणून तिने एका ओळीचा टेकू लावला: पूर्वीसारखंच वाग. टेकू तात्पुरता आहे, असंही सांगून टाकलं.

“आमचा मेहुणाही तात्पुरताच आला होता,” हिशेबनीस म्हणाले. “आता टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे असतो.”

नवऱ्याची नोकरी दुसऱ्या शहरात. लेकीला घेऊन तिने तिकडे जायचं ठरलं होतं. साहेबांची आडकाठी नव्हती. टेकू काढा, घडी बसवून द्या आणि खुशाल जा, म्हणाले. ती हात धुऊन मागे लागली. सगळ्या शाखांना विचारून एकेक पान उघडून ठेवलं आणि एका सकाळी ती ओळ पुसली.

तासाभरात फोन सुरू झाले. कुणी न सांगितलेली पानं लोक वर्षानुवर्षं वापरत होते. एक उघडावं तर दुसरीकडून ओरड. मग रुग्णालयातून निरोप आला, ऑपरेशनसाठी पेशंट आत घेतलाय आणि रक्ताचा अहवाल दिसत नाही. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“ताई, होतं तसं करा.”

“आज टेकू पुन्हा लावला तर तो कधीच निघणार नाही, साहेब.”

“हे त्या पेशंटच्या बायकोला सांगू?”

तिने ओळ परत लिहिली. फोन थांबले. स्वागतकक्षातली मुलगी आत डोकावून कौतुकाने म्हणाली, तुम्हाला आता कुठे जाऊच द्यायला नको.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तिकडच्या शाळेने लेकीची जागा धरून ठेवली होती, उत्तर हवं होतं.

“यंदा नको म्हणून सांग त्यांना,” ती म्हणाली.

“गेल्या वर्षीही मी हेच सांगितलं होतं गं.”