गळासकट कटला

गळ टाकून बसणाऱ्याला मासा लागो न लागो, किस्सा हमखास लागतो. शिवाय किश्शाला काटे नसतात, वास नसतो. घरी नेला तरी कुणी नाक मुरडत नाही. आमच्याकडं असे किस्से इतके साठलेत की त्या मानानं मासे फारच कमी!

आम्ही म्हणजे चौघं. नांदेडात गॅरेज चालवणारे उस्मानभाई, शिरूर अनंतपाळचे डाळीचे व्यापारी अप्पा, देगलूरकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक कांबळे सर आणि मी, पंप-पाइपांचा दुकानदार. उन्हाळा सरत आला, पाणी आटून मासे खोल डोहात गोळा झाले, की आम्ही किनवटच्या पुढं जंगलातल्या एका तलावावर जातो. तिथं एक रिसॉर्ट आहे. खोल्या तीन, वर पत्रे आणि बोर्ड मात्र ‘लेक व्ह्यू’!

पहिल्या वर्षी खिडकी उघडली तर समोर नुसती भेगाळलेली जमीन. मी मॅनेजरला धरलं. “गंगन्ना, ह्यात लेक कुठाय?”

गंगन्ना अजिबात गडबडला नाही. म्हणाला, “व्ह्यू इथं हाय सार. लेक तिकडं हाय.”

त्याच्या बोटाच्या दिशेनं आम्ही सामान डोक्यावर घेऊन चालत गेलो. लेक खरंच होतं.

*

उस्मानभाईंचा माशाच्या आमिषावर भारी विश्वास. कणीक, गूळ, तूप, वेलदोडा आणि मेथी घालून ते घरूनच गोळे वळून आणतात. “मछली को भी जबान होती मियाँ,” हे त्यांचं तत्त्वज्ञान.

एका सकाळी ते उठून बघतात तर डबा निम्मा रिकामा. शेजारी अप्पा मिशा पुसत बसलेले.

“उस्मानभाई, भाभींना सांगा, लाडू लई झकास झालेत. मेथी तेवढी जरा जास्ती पडली.”

उस्मानभाईंनी उरलेला डबा काखेत मारला. मग म्हणाले, “अप्पा, आता गळ नक्को. तुम्हीच पाण्यात उतरा!”

*

अप्पा कट्टर लिंगायत. मासा खाणं सोडा, ताटाशेजारी ताट चालत नाही. ते येतात फक्त गप्पांसाठी आणि स्वतःच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी. पण देवाची करणी बघा, तलावातल्या माशांना आमच्यात आवडतात ते अप्पाच!

उस्मानभाई एकदा चहाला उठले. जाताना म्हणाले, “अप्पा, जरा काठी धरा.” अप्पांनी काठी धरली आणि चहा ओतायच्या आत रोहू लागला. केवढा तरी! अप्पा काठी सोडेनात आणि ओढेनातही, नुसते ओरडत होते,

“आरं घ्या की कुणीतरी! मला पाप लागून राहिलंय!”

उस्मानभाई कप हातात घेऊन तिथंच मटकन बसले. “या अल्ला! आमाला मासा बी लागंना, अन् ह्यांना मासा बी लागला अन् पाप बी!”

*

आता कांबळे सर. आमच्यात सगळ्यात भारी रॉड त्यांचा, ऑनलाइन मागवलेला. गाठी कशा मारायच्या, वारा कुठून हवा, सगळं पाठ. आणि इतक्या वर्षांत हाती आलेले मासे: शून्य!

सरांच्या मिसेस, बिचाऱ्या सुमनवहिनी, दर वर्षी सुकं खोबरं, तीळ, लसूण भाजून माशाचा मसाला पाट्यावर वाटून डब्यात देतात. तो मसाला एका वर्षी अंड्यांवर पडला, एका वर्षी बटाट्यांवर आणि एकदा तर अप्पांच्या वांग्यांवर. परत आलं की वहिनी फक्त एवढंच विचारतात, “औंदा कशाला लावला?”

हे सरांना लागायचं. एकदा त्यांना राहवलं नाही. येताना त्यांनी बाजारातून एक फर्स्ट क्लास मासा घेतला आणि छाती काढून घरात शिरले. वहिनींनी मासा उलटा केला, कल्ला उचलून बघितला आणि आम्हा तिघांसमोर विचारलं, “अहो, तुमच्या तलावात बर्फ पडतो का?”

तेव्हापासून सर मासेमारीवर निघाले की गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा विचारतात, “सर, बर्फ घेतला का?” हसू आम्हालाही यायचं, पण सरांचा चेहरा बघितला की मला खरंच वाईट वाटायचं. माणसाला जन्मात एकदा तरी आपल्या हातानं धरलेला मासा घरी न्यायला मिळायला हवा.

*

आणि तो मासा एकदा लागलाही होता! पण नेमकी तेव्हा वरिष्ठांची ऑनलाइन मीटिंग चालू होती. तलावाकाठच्या एकाच दगडावर नेटवर्क येतं. सर त्या दगडावर मोबाइल धरून, आणि रॉड वीस पावलांवर. रॉडला बांधलेलं घुंगरू वाजायला लागलं. सर उठू शकेनात. साहेब बोलत होते, घुंगरू वाजत होतं, सरांना घाम फुटला होता. शेवटी दोरा तुटला आणि सर कळवळून ओरडले, “गेला! गेला हो!”

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, “कोण गेलं, सर?”

सर काही बोलायच्या आत चॅटमध्ये ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. साहेबांनी दोन मिनिटं मौन पाळून मीटिंगच संपवली. मोकळं केल्याबद्दल जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांनी त्या माशाचे आभार मानायला पाहिजेत!

*

या वर्षी निघताना वहिनींनी डबाच दिला नाही. “मसाला-बिसाला न्हाई मिळणार. आधी मासा आणा, मंग बघू.” सर किनवटपर्यंत गळाची गाठ सोडून पुन्हा पुन्हा मारत बसले.

दोन दिवस काही लागलं नाही. शेवटच्या सकाळी उजाडता उजाडता घुंगरू वाजलं. रॉड धनुष्यासारखा वाकला आणि सर झेपावले. दोरा सरसरत आत गेला. गंगन्ना धावत आला, “कटला सार! पेद्द चेपा! लई मोठा!”

“अप्पा, हात लावू नका!” सर ओरडले.

“न्हाई लावत बाबा!” म्हणत अप्पा स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले. तोंडानं मात्र, “सैल सोडा! आता ओढा! सैल!” असं चाललेलं. कसलं पाप आणि कसलं काय!

कटला अखेर काठावर आला. उस्मानभाईंनी सरांना उचलून घेतलं. मी गळ काढायला वाकलो तर सर खेकसले, “खबरदार! गळ निघणार न्हाई. पुरावा हाय तो.”

“मग बर्फ तरी...” उस्मानभाईंनी तोंड उघडलं.

“बर्फाचं नाव काढू नका!”

मासा ओल्या पोत्यात, गळ माशाच्या तोंडात, दोरा गळाला, रॉड दोऱ्याला आणि रॉड सरांच्या हातात, अर्धा खिडकीबाहेर. अशी आमची वरात नांदेडला सरांच्या घरी निघाली. एसीची सगळी हवा माशाकडं वळवलेली, आम्ही चौघं घामानं निथळत. जंगलाच्या नाक्यावर गार्डनं गाडीत डोकावून विचारलं, “पेशंट हाय का?”

“हाव,” अप्पा म्हणाले. “लवकर सोडा.”

दारात वहिनी उभ्या होत्या. गल्ली गोळा झाली. सर एका हातात मासा आणि दुसऱ्या हातात रॉड घेऊन उभे.

वहिनींनी कल्ला उचलला. आत बोट घातलं. बर्फ नव्हता. मग त्यांना गळ दिसला. त्यांनी दोरा धरून हळूच ओढला, तर सरांच्या हातातला रॉड वाकला. पुन्हा ओढला. पुन्हा वाकला.

वहिनींनी पदर कमरेला खोचला आणि मासा सरांच्या हातातून घेतला.

“हात धुऊन घ्या,” त्या म्हणाल्या. “मसाला पहाटंच वाटून ठेवलाय.”